घ की ध? मराठी संकेतस्थळांच्या फॉन्टचा आढावा

मुंबई-नाशिक महामार्गावर आमच्या नाक्याला उतरलं की गावाचं नाव दोन प्रकारे लिहिलेलं सापडतं. कुठे पडघा, कुठे पडघे. दोन्ही चालतात, त्यावरून गावात कोणी भांडत नाही. तिसरा प्रकार मात्र मोबाइलवर भेटतो : पडधा. हे कोणी लिहिलेलं नसतं, ते वाचलं जातं. घ आणि ध यांच्यात फरक तो केवढा! ध ची शिरोरेषा डावीकडे फुटलेली, वर एक छोटी गाठ. घ ची शिरोरेषा सलग. अक्षर बारीक असलं, त्यात ठळक केलेलं असलं, की ती फट बुजते, गाठ भरून जाते आणि बाहेरगावचा माणूस जे वाटेल ते वाचतो. तालुक्याच्या नावाचीही तीच गत. भिवंडीतल्या भ चा म होतो, व चा ब होतो, अनुस्वार वेलांटीच्या पोटात जातो. देवनागरी फॉन्टची परीक्षा घ्यायला मुद्दाम शब्द शोधावे लागत नाहीत, आमचा पत्ता पुरे आहे.

एका गोदामवाल्या गिऱ्हाइकाने एकदा माझ्या डीटीपीच्या दुकानात येऊन फोनच पुढे धरला. ‘साइटवर गावाचं नाव चुकवलंय.’ साइट मुंबईहून करून आणलेली. मी मजकूर कॉपी करून साध्या खिडकीत टाकला तर घ अगदी बरोबर. चूक मजकुरात नव्हती, फॉन्टात होती. त्या दिवसापासून मी मराठी साइट उघडली की आधी रंग आणि फोटो बघत नाही, अक्षर बघतो. आणि आपल्या साइटींचं अक्षर, सरसकट सांगायचं तर, आपल्या लग्नपत्रिकांच्या अक्षराहून वाईट आहे.

असं का झालं हे कळायला थोडं मागे जावं लागेल. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या जोडीला अक्षरं कोरणारे राणोजी रावजी आरू होते. संस्कृत पोथी असो की मराठी पुस्तक, निर्णयसागरच्या खिळ्यांचं वळण देशभर नावाजलं गेलं. आज अ, झ, ण ही अक्षरं आपण ज्या रूपात लिहितो ती मुंबई वळणाचीच. उत्तरेत त्यांची वेगळी रूपं चालत, पुढे प्रमाण देवनागरी ठरवताना मुंबईचं वळण घेतलं गेलं. छापखान्याच्या त्या व्यवहारात एक गोष्ट इतकी उघड होती की ती कोणी बोलूनही दाखवली नसेल : खिळे छापखान्यात राहत आणि वाचकाच्या हाती फक्त कागद येई. जुळाऱ्याच्या केसमध्ये कोणता टाइप होता, याची वाचकाला फिकीर नव्हती.

वेबने हा व्यवहार उलटा केला. पान वाचकाच्या यंत्रावर ‘छापलं’ जातं, म्हणजे खिळेही तिथेच असावे लागतात. नसले तर ते पानाबरोबर धाडावे लागतात. ‘वेबफॉन्ट’ म्हणतात तो एवढाच प्रकार आहे : कागदासोबत खिळ्यांची पेटीही पार्सल करायची. इंग्रजीला ही अडचण फारशी जाणवली नाही, कारण टाइम्स, एरियल, व्हर्डाना हे फॉन्ट बहुतेक यंत्रांत आधीपासून होते. मराठीची पेटी कुठेच नव्हती.

नव्वदीच्या दशकात डीटीपीच्या दुकानांत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी होती, सीडॅकचं आयएसएम आणि लीप ऑफिस होतं, आकृती होतं, फुकटात फिरणारे शिवाजी आणि किरण होते. या सगळ्यांची युक्ती एकच. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे. संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षर किंवा एखादी खूणच असते, फक्त तिचं चित्र आपण बदललेलं. कागदावर छापायचं तोवर हे झकास चालतं, श्रीलिपीच्या डोंगलवर अख्खे छापखाने चालले. हाच मजकूर वेबवर टाकला की ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला टोपी घातलेली अक्षरं, पौंडाची चिन्हं आणि उलटी प्रश्नचिन्हं दिसायची. म्हणून मराठी साइटच्या डोक्यावर एक ओळ ठरलेली असे : ‘अक्षरे नीट दिसत नसल्यास येथून फॉन्ट उतरवून घ्या.’ सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेला माणूस आधी फॉन्ट उतरवणार, मग तो यंत्रात घालायला मालकाची परवानगी मागणार. बहुतेक जण निघून जात.

यावर १९९७मध्ये दोन उपाय आले, दोन्ही अमेरिकेतून. नेटस्केपने बिटस्ट्रीमचं तंत्र घेतलं, मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीत स्वतःचं ईओटी आणलं. फॉन्ट पानासोबत आपोआप उतरतो, वाचकाला काही करावं लागत नाही. आपल्याकडे याला ‘डायनॅमिक फॉन्ट’ म्हणत. पाश्चात्त्य डिझायनरांनी या सोयीकडे बरीच वर्षं शोभेची वस्तू म्हणून पाहिलं. भारतीय भाषांच्या वृत्तपत्रांनी मात्र ती गरज म्हणून उचलली. मराठी दैनिकं वेबवर उभी राहिली ती डायनॅमिक फॉन्टच्याच कुबडीवर. जगात वेबफॉन्टचं युग साधारण २००९-१०पासून मोजतात, ते मला म्हणूनच अर्धवट वाटतं. आपण त्याच्या दहा वर्षं आधीपासून वेबफॉन्ट वापरत होतो, नाइलाजाने का होईना.

त्या कुबडीची किंमतही मोठी होती. प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट निराळा, त्यातली अक्षरांची घरं निराळी. एकाची बातमी कॉपी करून दुसरीकडे डकवली की कचरा. शोधयंत्राला त्या मजकुरात मराठीचं एक अक्षर सापडत नसे, कारण मराठी तिथे नव्हतीच, फक्त तिची चित्रं होती. फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाची एक जोडणी होती, ती असली पानं युनिकोडमध्ये बदलून दाखवायची. जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या काळातल्या कितीतरी बातम्या, लेख आणि दिवाळी अंकांची पानं आज शोधून सापडत नाहीत, त्याचं एक कारण हे आहे.

युनिकोड १९९१मध्ये आलं. देवनागरीला त्यात १२८ घरांचा गाळा मिळाला. क ला एक क्रमांक, ष ला एक क्रमांक, क्ष ला मात्र क्रमांक नाही. क, पाय मोडल्याची खूण आणि ष हे तीन क्रमांक लागोपाठ आले की त्यांचा क्ष करायचा, हे काम फॉन्टने करायचं. म्हणजे देवनागरी फॉन्ट ही नुसती चित्रांची पेटी उरली नाही. त्याला जुळाऱ्याची अक्कलही द्यावी लागली. विंडोज २०००सोबत आलेला मंगल हा असा अक्कल असलेला फॉन्ट आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिला. तो केला आर. के. जोशी यांनी. मूळचे कोल्हापूरचे, सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईत शिकवलेले. मंगलला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मीही ठेवली आहेत. पण मराठी माणूस ज्या अक्षरात पहिली ईमेल लिहू शकला ते अक्षर एका मराठी माणसाने काढलेलं होतं, हे विसरून चालणार नाही. तरीही विंडोज एक्सपीत भारतीय लिप्या सुरू करायला मूळ सीडी लागायची. ती कपाटात सापडेपर्यंत उत्साह संपायचा.

पुढचा टप्पा भराभर गेला. सफारीने २००८मध्ये, फायरफॉक्सने २००९मध्ये साध्या फॉन्ट फाइली पानासोबत घ्यायला सुरुवात केली. गूगलने २०१०मध्ये फुकट फॉन्टांचं भांडार उघडलं. वॉफ नावाचं सर्वांनी मान्य केलेलं स्वरूप डिसेंबर २०१२मध्ये प्रमाण ठरलं, त्याची जास्त दाबून बसवलेली दुसरी आवृत्ती २०१८मध्ये. या भांडारात देवनागरी भरघोस दिसू लागली ती २०१४-१५च्या सुमारास. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने हिंद, खंड, तेको, राजधानी, कलम, पॉपिन्स दिले. मुंबईच्या ‘एक टाइप’ने मुक्ता, मोदक, बालू दिले आणि २०२२मध्ये अनेक. यातला अनेक हा एकाच फाइलीत बारीक ते जाड आणि अरुंद ते रुंद अशी सगळी वळणं देतो, तेही दहा लिप्यांत. आयआयटी मुंबईच्या शोभिकेत सोळाशेहून जास्त देवनागरी आकार आहेत, अकराशेहून जास्त जोडाक्षरं आहेत. संस्कृत छापणाऱ्यांनी तिच्याखेरीज दुसरीकडे बघू नये. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा करवून घेऊन सर्वांसाठी खुली ठेवली. तिचा वापर व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, याचं मला वाईट वाटतं.

तेव्हा फॉन्ट नाहीत ही तक्रार आता जुनी झाली. खरी अडचण निवडणाऱ्याची आहे. साइटचा बहुतेक साचा इंग्रजीसाठी केलेला असतो. डिझायनर तो विकत घेतो आणि त्यात मराठी ओततो. साच्यात फॉन्ट लिहिलेला असतो, समजा, मॉन्टसेरात. त्यात देवनागरी मुळीच नाही. पान तरीही मराठी दाखवतं, कारण ब्राउझर गुपचूप यंत्रातला दुसरा फॉन्ट उचलतो. विंडोजवर निर्मला, आयफोनवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. डिझायनर स्वतःच्या लॅपटॉपवर एक पान बघतो, मालक फोनवर दुसरं, गिऱ्हाईक तिसरं. प्रत्येकाला वाटतं की आपण एकच साइट बघतोय. मधल्या इंग्रजी आकड्यांना मात्र मॉन्टसेरात लागलेला असतो, म्हणून फोन नंबर जाडजूड आणि नाव किडमिडीत दिसतं. फॉन्ट ‘लावला’ आणि फॉन्ट ‘लागला’ यांत फरक आहे, हे आमच्या धंद्यातही सगळ्यांना माहीत नसतं.

ल आणि श यांचा प्रश्न याहून नाजूक. मराठी ल शिरोरेषेखाली छोट्या देठाला दोन पाकळ्या असा असतो, हिंदी ल उजव्या दंडाला टेकून उभा राहतो. श चंही वळण दोन्हीकडे वेगळं. शाळेत गुरुजींनी गिरवून घेतला तो पाकळीचा ल, आणि देठाचा श. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली आणि १० नोव्हेंबर २०२२च्या निर्णयाने ती अद्ययावत केली. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावेत, असं त्यात आहे. निर्णय कागदावर आहे. पडद्यावर कोणता ल उमटेल हे मंत्रालय ठरवत नाही, फॉन्ट ठरवतो. युनिकोडमध्ये दोन्ही ल ना एकच क्रमांक आहे, म्हणजे टाइप करणाऱ्याच्या हातातही काही नाही.

उपाय आहे, आणि तो एका शब्दाएवढा आहे. चांगल्या फॉन्टात दोन्ही आकार ठेवलेले असतात, मजकूर मराठी आहे असं कळलं की तो मराठी आकार पुढे करतो. हे कळवायचं कसं? पानाच्या संहितेत अगदी वरती भाषेची खूण असते. तिथे मराठीसाठी एम-आर ही दोन अक्षरं लिहायची. बहुतेक साच्यांत तिथे इंग्रजीची खूण तशीच राहून जाते, काही ठिकाणी हिंदीची असते. मी एका शाळेच्या पानावर ही दोन अक्षरं बदलून दाखवली. समोर बसलेल्या मुख्याध्यापकांना वाटलं मी फॉन्ट बदलला. ‘शाळा’ शब्दातला श एकदम आपल्या वळणाचा झाला होता. सगळेच फॉन्ट ही सोय ठेवत नाहीत. ज्यांना ही भानगडच नको त्यांच्यासाठी टिरो टाइपवर्क्सने टिरो देवनागरीच्या हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या फाइलीच करून ठेवल्या आहेत. कॅनडातल्या कंपनीला हा फरक तीन फाइलींएवढा मोठा वाटला. आपल्याकडच्या किती निविदांत त्याचा उल्लेख असतो?

फक्त ल-श वर भागत नाही. मराठीची स्वतःची काही अक्षरं आहेत, तिथे परक्या फॉन्टांची भंबेरी उडते. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हा डोळ्याच्या पापणीसारखा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे घाईने केलेल्या फॉन्टात त्याच्या जागी भलतंच काहीतरी येतं. ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःचं घर २००८मध्ये मिळालं. त्याआधीच्या फॉन्टात तिथे चौकट दिसते. एका रुग्णालयाच्या पानावर ‘ॲम्ब्युलन्स’ची सुरुवात अशा रिकाम्या चौकटीने झालेली मी पाहिली आहे, आणि खाली चोवीस तास सेवेची जाहिरात.

आता मांडणी. इथे इंग्रजीची सवय सगळ्यात जास्त नडते. देवनागरीचं अक्षर शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार घेऊन चालतं आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय. ‘कार्यकर्त्यांनी’ लिहिलं की रफार आणि अनुस्वार वर गर्दी करतात, ‘हृदय’ खाली लोंबतं. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो, आणि बटणावरच्या शब्दाचा वरचा शेंडा कापला जातो. मी मजकुराला अक्षराच्या उंचीच्या पावणेदोनपट अंतर ठेवतो. दुकानातला पोरगा म्हणतो, पान लांबतं. लांबू दे.

आकाराचंही तसंच. सोळा म्हणजे सोळा, असं फॉन्टात नसतं. त्याच आकड्याला देवनागरी शेजारच्या रोमनपेक्षा लहान दिसते, कारण त्याच उंचीत तिला मात्रा आणि उकारांनाही जागा द्यायची असते. राज्यात दुकानांच्या पाट्यांसाठी २०२२मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत असं ठरलं. नाक्यावरच्या पाट्या त्याप्रमाणे बदलल्या. त्याच दुकानांच्या साइटी उघडल्यात तर इंग्रजी नाव ढेंगभर आणि मराठी मुंगीच्या पावलांनी. वेबला हा कायदा लागू करा असं मी म्हणत नाही, तपासनीस फोन घेऊन हिंडतील या कल्पनेनेच घाम फुटतो. पण आकडा सोळाचा अठरा करायला कायदा कशाला हवा?

आणि अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी शीर्षकात अक्षरं विरळ पसरवणं ही सध्याची फॅशन आहे, छान दिसतं. देवनागरीत तेच केलं की शिरोरेषा तुटते. शब्द म्हणून एका दोरीला बांधलेली अक्षरं सुटी होऊन पडतात, जणू वादळानंतरची कौलं. डिझायनरला हे सांगितलं की तो म्हणतो, वाचता येतंय ना? वाचता येतं. पाय ओढत चालणाऱ्यालाही चालता येतं. चौथं म्हणजे खोटा ठळकपणा. साइटवर फॉन्टचं फक्त साधं वजन चढवलेलं असतं आणि शीर्षक ठळक मागितलेलं असतं. मग ब्राउझर अक्षराच्या कडा फुगवून काम भागवतो. गोदामवाल्याच्या साइटवर घ चा घात असाच झाला होता. खऱ्या ठळक वजनात फॉन्टकाराने ध ची फट आणि भ ची गाठ मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. ब्राउझरला ती दया नाही. तिरक्या अक्षरांबद्दल तर बोलायलाच नको. देवनागरीत तिरकं अक्षर ही परंपरेची गोष्ट नाही, यंत्राने ढकलून तिरका केलेला मजकूर पावसात भिजलेल्या फ्लेक्ससारखा दिसतो.

काही जण या सगळ्या कटकटीला कंटाळून शीर्षकाचं चित्रच करून टाकतात. त्यामागची ओढ मला कळते. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत नावं रेखली, ती पाहून वाढलेल्या माणसाला तयार फॉन्टात लिहिलेलं शीर्षक बेचव वाटणारच. त्यांचं एकेक नाव त्या एका नाटकापुरतं होतं, दुसऱ्याला चाललं नसतं. साइटच्या नावापुरतं, लोगोपुरतं असं रेखाटन करून घ्यावं, त्याला पैसे मोजावेत. पण संपूर्ण पानाची शीर्षकं चित्रात गेली की शोधयंत्राला ती दिसत नाहीत, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला फोन पान वाचून दाखवतो तेव्हा तिथे शांतता असते. डायनॅमिक फॉन्टच्या काळात आपण जे गमावलं तेच पुन्हा हौसेने गमावायचं, याला काय म्हणावं?

फाइलीच्या वजनाचा मुद्दा खरा आहे, त्याला बगल देता येणार नाही. इंग्रजी फॉन्ट छाटला तर वीस-पंचवीस केबीत बसतो. देवनागरीची फाइल त्याच्या कितीतरी पट, कारण शेकडो जोडाक्षरांचे आकार त्यात असतात. ती तोडून तुकड्यातुकड्याने पाठवणंही सोपं नाही. क एका तुकड्यात आणि ष दुसऱ्यात गेला तर क्ष कोण जुळवणार? वजन कमी करायला म्हणून कोणत्यातरी फुकट साधनातून फाइल छाटतात, आकार राहतात पण जोडण्याचे नियम उडतात, आणि पानभर पाय मोडकी अक्षरं उभी राहतात. त्यात साध्यापासून अतिठळकपर्यंत पाच-सहा वजनं मागवली की पान जड होणारच. खडवली स्टेशनाकडे जाताना जिथे नेटवर्कची एक काडी उरते तिथे उभं राहून साइट उघडून बघावी. फॉन्ट उतरेपर्यंत ब्राउझर काही काळ मजकूरच लपवून ठेवतो, वाचकाला वाटतं पान कोरं आहे. आधी यंत्रातल्या फॉन्टात मजकूर दाखवावा, आपला फॉन्ट आला की बदलावा, असं सांगणारी एक ओळ असते. ती लिहावी, आणि दोनच वजनं घ्यावीत. माझ्या अनुभवात तिसरं वजन मालकाला दिसतसुद्धा नाही.

फॉन्ट गूगलकडून मागवावा की स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावा, हा वाद आता जवळपास मिटला आहे. पूर्वी म्हणायचे की दुसऱ्या साइटवर तोच फॉन्ट उतरलेला असेल तर आपल्याला फुकटात मिळतो. क्रोमने २०२०मध्ये प्रत्येक साइटची साठवण वेगळी केली, तो फायदा गेला. जानेवारी २०२२मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने, वाचकाचा आयपी पत्ता त्याला न विचारता गूगलकडे गेला म्हणून एका साइटमालकाला १०० युरो भरायला लावले. आपल्याकडे असा खटला होवो न होवो, खुल्या परवान्याचा फॉन्ट आपल्याच घरी ठेवायला काही अडचण नाही.

परवान्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या धंद्याची लाज सांगून टाकतो. डीटीपीच्या दुकानांत पेनड्राइव्हवरून फिरलेले फॉन्ट इतके मुरले आहेत की ते कोणाचे आहेत हे विचारणंही वेडेपणाचं वाटतं. पत्रिकेत वापरलं तर कागद जातो, फॉन्ट दुकानात राहतो. साइटवर चढवलं की फाइल जगजाहीर होते, ज्याला हवी तो उतरवून घेतो. छपाईसाठी विकत घेतलेल्या फॉन्टचाही वेबसाठी बहुधा वेगळा परवाना लागतो. ज्या माणसाने एकेक जोडाक्षर काढण्यात वर्षं घातली त्याच्या पोटावर हा पाय आहे. मुक्तासारखे फॉन्ट खुल्या परवान्याने मिळत असताना चोरी करायचं कारणही उरलेलं नाही.

एक मत असंही आहे की वेगळा फॉन्ट लावूच नये. फोनमधला नोटो पुरेसा चांगला आहे, पान हलकं राहील. बातम्या, बाजारभाव, ग्रामपंचायतीच्या सूचना यांच्यासाठी मला हे पूर्ण पटतं. घाईघाईने निवडलेल्या वाईट फॉन्टपेक्षा यंत्रातला बरा फॉन्ट कधीही परवडला. पण मासिक, प्रकाशन, शाळा, किंवा ज्याला आपली ओळख जपायची आहे अशा धंद्याला स्वतःचं अक्षर हवंच. माणसाच्या आवाजावरून आपण माणूस ओळखतो, तसं. मात्र तो निर्णय इंग्रजी नमुना बघून होत नाही. डिझायनर दाखवतो तो नमुना लोरेम इप्सम नावाच्या निरर्थक लॅटिनचा, आणि आपण माना डोलावतो.

म्हणून दुकानात मी एक ओळ चिकटवून ठेवली आहे. अर्थ शोधू नका, ती अक्षरांसाठी आहे : ‘पडघ्याच्या धनूशेठनी भिवंडीच्या कार्यकर्त्यांना श्रावणी शुक्रवारी लाल ॲम्ब्युलन्समधून दऱ्याखोऱ्यांत हृद्य वाङ्मय वाटलं.’ साइट करून घेणार असाल तर ही ओळ, शेजारी तुमच्या गावाचं नाव आणि तुमचं आडनाव, बनवणाऱ्याकडून साध्या आणि ठळक अशा दोन्ही वजनांत लिहून घ्या. स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर आणि एखाद्या जुन्या विंडोजवर उघडा, फोन हातभर लांब धरा आणि घरातल्या चाळिशी लागलेल्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. तो कुठे अडखळला तर काम परत पाठवा. शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.